गोठ्यामागची खोली

२७ नोव्हेंबर १९७१, शनिवार

आज पुन्हा दोन तास ते यंत्र चालू! नांगराला जुंपलेलं नाही, गाडी ओढत नाही. गोठ्यामागे एका जागी उभं राहून नुसतं धडधडतं. खाणीच्या साहेबाच्या बगिच्यातला हा ठेंगणा ट्रॅक्टर. साहेब बंगला सोडून गेला आणि प्रेमलालनं तो उचलून आणला. तेव्हा म्हणाला होता, "बाबा, धान चुरायच्या कामी येते." पण मळणी अजून बैलच करताहेत.

आज जवळ जाऊन पाहिलं. ट्रॅक्टरच्या चाकावरून एक रबरी पट्टा, तो ट्रकच्या जुन्या डायनामोवर. तिथून तारा मोटारीच्या बॅटरीला. बॅटरीवरून दोन तारा भिंतीच्या भोकातून कोंड्याच्या खोलीत. खोलीला नवं कुलूप.

"काय करून राह्यला रे?"

"काही नाही बाबा, वीज."

गावात खांब येऊन दोन वर्षं झाली, तार अजून नाही. आणि हा घरी वीज करतो! बरं, वीज आहे तर दिवा कुठे आहे? ओसरीवर कंदीलच.

२९ नोव्हेंबर

किल्ली सूनबाईच्या कमरेला असते. पुष्पलता दिवसातून तीनदा आत जाते, कडी लावून घेते. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला. मोजलं मी. विचारलं तर म्हणे, "कोंडा पाह्यते जी." कोंडा तीनदा काय पाहायचा!

१ डिसेंबर

मांजर दिवसभर त्या दाराशी अंग टेकून पडलेलं असतं. हाकललं तरी परत येतं. दाराला हात लावला — कोमट! थंडीत सगळं घर गार, आणि ते दार कोमट.

४ डिसेंबर, शनिवार

लढाई सुरू झाली. राममंदिराच्या पायरीवर बंडोपंत मास्तरांचा रेडिओ, भोवती सगळं गाव. पोलीस जमादार वारासिवनीहून सायकलवर येऊन बजावून गेला. उजेड बाहेर दिसू द्यायचा नाही, अनोळखी माणूस दिसला तर कळवायचं.

बंडोपंत मला म्हणाले, "महागूजी, हेर काही पगडी घालून येत नाहीत. घरातल्या घरात वायरलेस ठेवतात. त्याला बॅटरी लागते, बॅटरी!"

पुढचं ऐकू आलं नाही. तसाच उठून घरी आलो.

५ डिसेंबर

एकुलता एक पोरगा. चांगला वाटतो. पण खाणीवर सहा वर्षं होता, कोणाकोणाशी बोलत होता काय माहीत. जमादारानं ती खोली उघडली तर बेड्या घालून नेईल. मग मी काय करू या वयात?

९ डिसेंबर

हिला सांगितलं. ही हसली! "तुमच्या संशयाले पोलिसात लावलं असतं तं आज पेन्शन भेटली असती."

हिला माहीत आहे. घरात सगळ्यांना माहीत आहे, मीच तेवढा बाहेर.

१२ डिसेंबर

भिंतीला कान लावला. सूनबाई आत बोलत होती. हळू, लाडानं. "थोडेच दिस राह्यले, थोडेच दिस." कोणाशी? दुसरा आवाज नाही.

आत माणूस लपवलाय का?

१३ डिसेंबर

जमादार आमच्या गल्लीतून दोनदा गेला. दुसऱ्यांदा थांबून ट्रॅक्टरकडे पाहिलं. "बढ़िया मशीन है, दादा. दिनभर चलती है क्या?"

मी म्हटलं, बंद पडलीय. खोटं बोललो, गळ्यात तुळशीची माळ असून.

१४ डिसेंबर, मंगळवार

प्रेमलाल खळ्यावर होता. विळा घेतला आणि पट्टा कापला. तीन जागी. तुकडे विहिरीत टाकले. वीज नाही तर वायरलेस नाही. वायरलेस नाही तर बेडी नाही.

पोरगा वाचला.

१५ डिसेंबर

प्रेमलाल सकाळीच पट्ट्यासाठी वारासिवनीला गेला, हात हलवत परत आला. त्या मापाचा पट्टा मिळत नाही. बॅटरी दुपारी संपली.

पुष्पलता पदर तोंडात कोंबून रडत होती. "अठरा दिस झालते जी! तीनच राह्यलते!" खोली सताड उघडी. मी आत गेलो.

पेटी. पेटीत कोंडा, वर एक विझलेला बल्ब. कोंड्यात अंडी. तीस!

अंडी! माळकऱ्याच्या उंबऱ्याच्या आत!

प्रेमलाल खाली मान घालून बोलला. ग्रामसेविका विमलाबाईंनी सरकारी कोंबड्यांची अंडी दिली. पुष्पलतानं पिल्लं काढून दाखवली तर महिला मंडळात बायांना शिकवायला तिलाच ठेवणार. पिल्लं निघाली की विमलाबाईंकडे पोचवायची होती.

"मंग कोंबडी बसवाची होती ना! हे सोंग काहून?"

"कोंबडी आरडली असती बाबा. तुमाले मालूम पडलं असतं."

मी बाहेर आलो. गूळ-पाणी घेतलं. अर्धं तसंच ठेवलं.

१६ डिसेंबर, गुरुवार

पट्टा कोणी कापला, कोणी विचारलं नाही. ही एवढंच म्हणाली, "विळ्याले रबराचा वास येऊन राह्यला." आणि विळा माझ्यासमोर ठेवून गेली.

काल दिवेलागणीलाच प्रेमलालनं शेगडी त्या खोलीत नेली. राखेखाली निखारे, पेटीपासून हातभर लांब. सूनबाई अंडं डोळ्याच्या पापणीला लावून ऊब पाहते. पापणीला चटका बसला तर जास्त, गार लागलं तर कमी. दिवसातून तीनदा अंडी उलटायची, म्हणून ती आत जायची. बोलत होती ती त्यांच्याशीच.

आज तिचा डोळा लागला होता. निखारे मंदावलेले. मी माळ काढली, खुंटीला अडकवली. एक अंडं उचलून पापणीला लावलं.

गार नव्हतं. आत काहीतरी हललं!

बाहेर फटाके. लढाई जिंकल्याचं मंदिरावरून ओरडत होते. मी गेलो नाही. निखारे फुंकायचे होते.

१८ डिसेंबर, शनिवार

तीसपैकी अकरा अंड्यांतून पिल्लं निघाली. बाकीची माझ्या विळ्यानं गेली — हे सूनबाईला सांगितलं. तिनं पिल्लं पुन्हा एकदा मोजली. मग म्हणाली, "अकरा बी पुरतात, बाबा." एक ओलं पिल्लू माझ्या उपरण्यात ठेवून गेली.

१९ डिसेंबर

बंडोपंत मास्तर कुंपणाशी येऊन उभे. "महागूजी, गोठ्यामागून आवाज कसला येतो?"

कुठे काय, म्हटलं. आत येऊन कोंड्याच्या खोलीला कुलूप घातलं. किल्ली माझ्या कमरेला.