दादानं मागितलेलं पाणी

आई, आज सकाळी दादाच्या फोटोपुढचा पेला घासताना तुझा फार राग आला. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी येतो. कोराडीच्या वीजकेंद्राचा कोळशाचा ट्रक दादाच्या सायकलवर चढला तेव्हा मी कॉलेजात होते, आणि तो ड्रायव्हर जेलात सडावा एवढंच मला हवं होतं. पण त्यानं कोर्टात सांगितलं, पोरानं माझ्या मांडीवर जीव सोडला, मरताना जे बोलला ते त्याच्या मायलेच सांगीन. झालं! शिक्षा सुनावण्याआधी जजसाहेबांनी तुला विचारलं, बाई, तुमचं काय म्हणणं? तू पदर सावरून उभी राहिलीस. "याले जेलात टाकून मले का भेटन, साहेब? माह्या पोराचे शेवटचे बोल याच्यापाशी आहेत. याले माह्या घरी येऊ द्या." साहेबांनी त्याला चांगल्या वागणुकीच्या बाँडवर सोडलं. अख्खा मोहल्ला म्हणाला, बाईचं डोकं फिरलं. मीही म्हणाले.

त्या रविवारी तो ड्रायव्हर घरी येतो. तू चुलीपुढे भाकरी थापते आहेस, तो उंबऱ्याशी उकिडवा बसलाय. दाराआड मी उभी आहे, हे तुला ठाऊक नाही. "माय, मी खोटं बोललो," तो म्हणतो. "वकिलानं शिकवलं होतं. पोरगा जागीच गेला. काहीच नाही बोलला." तुझा हात थांबतो, तव्यावरची भाकरी जळते. ज्या बोलांपायी त्याचा जेल टळला, ते बोल नव्हतेच! मला वाटतं, आता तू उठशील, त्याला फरफटत साहेबांपुढे नेशील. तू जळकी भाकरी बाजूला काढतेस, दुसरी त्याच्या ताटात वाढतेस.

"तवाच काहून नाही सांगितलं?"

"भेव वाटलं, माय."

"जेव आता. अन् पुढच्या रविवारी येजो."

संध्याकाळी तू बाबांना सांगितलंस, पोरानं मरताना पाणी मागितलं होतं. दादा गेल्यापासून बाबा पहिल्यांदा रडले. त्या दिवसापासून फोटोपुढे हा पेला. बाँड संपला तरी तो ड्रायव्हर येतच राहिला, विहिरीचं पाणी भरून द्यायचा, तुझ्या तिरडीलाही त्यानं खांदा दिला. तेव्हा खरं काय ते माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण शेजारी बाबा उभे होते, आणि ते त्या पाण्यावरच जगले होते.

कोणी न मागितलेल्या त्या पाण्यानं माझी झोप खाल्ली, आई. तू त्याला माफ केलंस, की स्वतःलाच फसवलंस? हे तुला कधी विचारलं नाही, आणि आता हे पत्र टाकायला पत्ता नाही. पेला मात्र आजही भरला. खरं सांगू? संध्याकाळी त्यातलं पाणी थोडं कमी झालंय का, ते मी रोज बघते.