घुसळणीचा दांडा

केरी, आयर्लंड, मार्च १९२३

फिंटन,

तुझं सांत्वनाचं पत्र पोचलं. कॉनला घरातून ओढून नेलं आणि वाटेत गोळी घातली, तेव्हा तू डब्लिनला होतास, असं त्यात पुन्हा पुन्हा लिहिलंयस. एकदा लिहिलं असतंस तरी भागलं असतं.

इंग्रजांशी तुम्ही दोघे भाऊ खांद्याला खांदा लावून लढलात. मग तह झाला. तू नव्या सरकारचा गणवेश चढवलास, कॉन तह नाकारून डोंगरात गेला. त्या सकाळी तो अंग शेकायला घरी आला होता. आई लोणी काढत होती, तोच तुमच्या सरकारचे सैनिक घुसले.

"म्हातारे, तुझा लेक कुठाय?"

"कुठला? मला दोन आहेत," आई म्हणाली.

एकाने गळपट्ट्याने तोंड झाकलं होतं. घुसळण चाललेल्या घरात शिरलं की दांड्याला हात लावायचा, नाहीतर लोणी रुसतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तो पुढे झाला, दोन-चारदा घुसळलं आणि थेट परसातल्या जळणाच्या ढिगाकडे गेला. कॉन त्यामागेच लपला होता.

उभ्या दांड्यावर त्याचा डावा हात उजव्याच्या वर होता, फिंटन. तुझा असतो तसा. आईनेही पाहिलं. लोणी भरपूर आलं. तिने ते डुकरांना घातलं.

ईस्टरला येतो म्हणतोस. ये. आई घुसळण मांडून ठेवणार आहे.

हे पत्र मात्र मी टाकणार नाही. वाचलंस तर उजवा हात वर धरशील.

अजून तरी तुझी बहीण,
डिलिया