ठेवून द्या, भाव वाढेल

१२ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही दोघं ठीक. बाबा जाऊन महिना झाला. आई जेवते, झोपते, विचारलं तर उत्तर देते. मीही तसाच. रडू दोघांनाही आलेलं नाही.

काल बाबांच्या स्मारक नाण्यांचे डबे घेऊन नाणीवाल्याकडे गेलो. आईच मागे लागली होती. बाबा म्हणायचे ना, माझ्यामागे ही नाणी तुम्हाला बघतील! नाणीवाल्याने भिंग लावलं आणि पहिलाच प्रश्न केला, ही घासली कोणी? म्हटलं, आम्ही, लहानपणी, दर रविवारी, दंतमंजनाने. त्याने कपाळाला हात लावला. घासलं की मूळ तेज जातं, ओरखडे पडतात, मग संग्राहक घेत नाहीत म्हणे. जास्त चकाकवेल त्याला बाबांची शाबासकी असायची आणि ती दर वेळी तूच पटकावायचीस. तेव्हा नुकसानीत मोठा वाटा तुझा.

घासली नसती तरी फार फरक पडला नसता. अशी नाणी ढिगाने काढतात आणि लोक घेतात तीच जपायला. सगळ्यांनीच जपली की दुर्मीळ काय राहणार? चांदीची दोन-तीन आहेत, त्यांचा चांदीचा भाव येईल. बाकीची दर्शनी किमतीलाच. त्याने आवडीने उचलली ती तळाशी पडलेली, बाबांच्या कारखान्यातल्या कँटीनची पितळी टोकनं. कँटीन उठलं तेव्हा बाकीची वितळवली, म्हणून आता शोधून मिळत नाहीत. त्यांचेही फार येणार नाहीत, पण निदान कोणाला तरी हवी आहेत.

परतलो तर आई दारातच उभी. दुकान बंद होतं, असं सांगून वेळ मारून नेली. पण पुढे काय सांगू? बाबांच्या शब्दावर तिने जन्म काढला.

भाऊजींना नमस्कार. रागावलीस तरी उत्तर पाठव.

तुझा,
धाकटा


१७ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र भाजी चिरताना वाचलं आणि पुन्हा चिरायला लागले. वाईट वाटायला हवं होतं, वाटलं नाही. हल्ली काहीच वाटत नाही.

शाबासकीचं म्हणशील, तर तू अर्धं दंतमंजन खायचास. तुझी नाणी चकाकणार कशी?

आईला खरं सांगू नकोस. बाबा गेले, त्यांचा शब्द तरी राहू दे. सांग, नाणीवाला म्हणाला, ठेवून द्या, भाव वाढेल. सरळ तोंडाने सांग, शेपूट लावत बसू नकोस.

तब्येतीला जप आणि आईवर लक्ष असू दे.

तुझी,
ताई


२५ जून

चि. मोठीस,
अ. उ. आ.

धाकट्याने सांगितलं, ठेवून द्या, भाव वाढेल. मी बरं म्हटलं. वाक्य तुझं, हे कळलं. त्याला एवढं थोडक्यात बोलता येत नाही. त्याला मात्र काही कळवू नकोस.

कारखाना बंद पडला, तेव्हा मी हीच नाणी याच नाणीवाल्याच्या वडिलांकडे नेली होती. यांना किंमत नाही आणि घासू तर मुळीच नका, असं म्हातारा म्हणाला होता. घरी आले, तर तुझे बाबा भर दुपारी रिकाम्या हातांनी खिडकीशी बसलेले. माझ्या तोंडून निघून गेलं, ठेवून द्या म्हणतात, भाव वाढेल. ते हसले, म्हणाले, बघ, सांगत नव्हतो? त्या दिवशी पोटभर जेवले. घासण्याचं मी बोललेच नाही. तुमचा तिघांचा रविवार मोडला असता. तरी आता धाकट्याला पाठवलं, म्हटलं, इतक्या वर्षांत खरंच भाव वाढला असेल तर तुझ्या बाबांचा शब्द खरा ठरेल.

परवा पोरगा समोर उभा राहून तेच बोलला आणि पहिल्याच शब्दाला मला कळलं. मग तुझ्या बाबांना कळलं नसेल? माझ्याइतकं वाईट खोटं घरात कोणी बोलत नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं, मी त्यांना सांभाळून घेतलं.

आज सकाळी रडू आलं. बराच वेळ थांबेना. धाकटा बाहेर गेला होता, ते बरं झालं.

जावईबापूंना आशीर्वाद. माझी माया तू जाणतेसच. दोन ओळी लिहीत जा.

तुझी,
आई