नुसतं ‘या’

२ मे, शुक्रवार. सकाळी ७.
ठरलं. सिनेमा काढायचा. लग्नांच्या शूटिंगमध्ये चौदा वर्षं गेली, आता बस. चिखलीत माझ्याएवढी कॅमेऱ्याची समज कुणालाच नाही, हे नम्रपणे लिहून ठेवतो. विषय: रक्त पिणाऱ्या सरदाराची ती विलायती, जगप्रसिद्ध जुनी कादंबरी. माझ्या हातात तिची लव्हस्टोरी होणार. सरदार मी. हिरॉइन सुचिता.

सुचिता वाचनालयात नोकरीला आहे. पुस्तक तिनेच काढून दिलं. म्हणाली, यात प्रेम कुठी आहे भाऊ, हा तं दिसंल त्याचं रक्त पिऊन राह्यला. मी म्हटलं, ती ज्याची त्याची दृष्टी असते. (मी पान बारावर आहे.)

संकल्प: पुस्तक पूर्ण वाचणे. लसूण बंद, कारण पिशाच्चाला वर्ज्य. गाल आत जायला हवेत, म्हणून भात बंद.

४ मे, रविवार.
पान चाळीस. सरदार आरशात दिसत नाही म्हणे. हा शॉट महागात जाईल, काढून टाकला. पुढची सगळी गोष्ट सुचिताने फोनवर सांगितली, त्यामुळे पहिला संकल्प पूर्ण झाल्यात जमा.

आणि त्यात हिरा सापडला! घरातल्या कुणी बोलावल्याशिवाय हा प्राणी उंबरठा ओलांडू शकत नाही. हाच माझा सिनेमा. ती दारात. मी बाहेर. ती माझ्या डोळ्यांत बघते आणि एकच शब्द म्हणते: ‘या.’ बस.

खरं कारण इथेच लिहितो, इथे कोण वाचतंय? ती ‘या’ म्हणाली की ‘कट’ म्हणायच्या आधीच तिला लग्नाचं विचारायचं. तीन वर्षं झाली, वाचनालयाचं कार्ड काढून. वाचायची आवड मला कधीच नव्हती.

९ मे, शुक्रवार.
कोर्टाला उन्हाळी सुट्टी, म्हणून नारायणराव वकिलांचा काळा गाऊन मिळाला. सुळे खोबऱ्याचे कोरले. लोकेशन सुचिताचंच घर. तिची आई सिंधूताई म्हणाल्या, शूटिंग करा पण दिवसाउजेडी. हरकत नाही, रात्र एडिटिंगमध्ये करता येते.

लसणाचं जमत आलंय. आज फक्त ठेच्यातला.

११ मे, रविवार. दुपारी ३.
पहिला दिवस ऐतिहासिक. ऊन चव्वेचाळीस. मी गाऊन घालून दारात उभा, तर सिंधूताई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, काऊन रे भागवत, भरउन्हात काळं घालून काऊन उभा राह्यला बाप्पा, आत ये, पन्हं घे. पिशाच्चाला हिरॉइनच्या आईनेच आत घेतलं तर सिनेमा संपला ना! पन्हं घेतलं. दोन ग्लास. सुळे भिजून मऊ पडले.

मग मुख्य सीन. सुचिता उंबरठ्यावर आली, माझ्याकडे पाहिलं (काय पाहिलं!) आणि म्हणाली, “या ना भाऊ.”

कट. समजावून सांगितलं, नुसतं ‘या’. ती हो म्हणाली. टेक दोन: “या भाऊ.” टेक सात: “या...” इथे मी विचारायला तोंड उघडलं, आणि ती म्हणाली, “...जमलं का भाऊ?”

सतरा टेक झाले. यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही. हा उच्चाराचा प्रॉब्लेम आहे. आपल्या वऱ्हाडात ‘या’ एकटं तोंडातून निघतच नाही, मागे ‘भाऊ’ येतोच.

मानेच्या क्लोजअपला मी जवळ झुकलो तर ती झटकन मागे सरली. लाजली. (दुपारी ठेचा-भाकर झाली होती. त्याचा संबंध नसावा.)

१८ मे, रविवार.
ब्रेकथ्रू! सांगतो कसा. प्रसेनजित म्हणून एक पोरगा आहे, पोस्टात असतो, सुचिताच्या कॉलेजातला. रिफ्लेक्टर धरायला तिनेच बोलावला. शांत आहे, उपयोगी आहे, फार हुशार वाटत नाही. आज मला फोकस तपासायचा होता, म्हणून गाऊन त्याच्या अंगावर टाकला आणि माझ्या जागी उभा केला. सुचिता दारात आली. “या,” म्हणाली.

नुसतं ‘या’. हळू. वर पदराशी चाळा केला, तो तर मी सांगितलाही नव्हता. एका टेकमध्ये ओके. थोडक्यात, माझं डिरेक्शन मुरलंय. लगेच गाऊन घालून मी उभा राहिलो. “या ना भाऊ.” ती दमली होती.

२५ मे, रविवार.
सिंधूताईंचा फोन! आठ जूनला घरी कार्यक्रम आहे, घरचीच माणसं आहेत, तुह्या मायले घेऊन ये, अन् कॅमेरा आणजो. मायले घेऊन ये!! याचा अर्थ चिखलीत कुणालाही विचारा. सुचिताने घरी सांगितलेलं दिसतं. कॅमेरा कशाला, तर राहिलेला सीन उरकायला, उघड आहे.

आई म्हणाली, कार्यक्रम कायचा ते तं विचार. विचारायचं काय त्यात? नवा शर्ट शिवायला टाकला.

८ जून, रविवार. संध्याकाळी ६.
साक्षगंध होतं. सुचिताचं आणि प्रसेनजितचं.

आई आणि मी वेळेआधी पोचलो. आई आत गेली, मी ट्रायपॉड लावून बाहेरच उभा राहिलो. मुलाकडची मंडळी आली. प्रसेनजित पुढे. सुचिता उंबरठ्यावर आली आणि म्हणाली, “या.” मी सवयीने रेकॉर्डिंग चालू ठेवलं होतं. आवाज स्वच्छ आलाय. फोकस शार्प.

मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. म्हणाली, “या ना भाऊ, उन्हात काऊन उभे?” बोलावलं, म्हणून आत गेलो. आईने माझ्याकडे पाहिलं नाही. फार वाईट वाटलं, ते लिहून ठेवतो.

आल्यावर सगळे फोटो पाहिले. घरभर माणसं आहेत, पन्हं वाढणारी शेजारीण आहे, आई दोन फोटोंत आहे. मी एकाही फोटोत नाही. फोटो काढणारा दिसतच नाही कुठे.

उद्या कोर्ट उघडतंय. गाऊन परत करायचा. पुस्तकही, पण ते आईच्या हाती पाठवीन. जेवताना ठेचा घेतला. दोनदा.