अकरा विहिरी

टर्नरॉक बेट, मेन
९ सप्टेंबर २०२४

ती. गिरीशकाकांना सा. न. वि. वि.

बेटावर येऊन आठवडा झाला. साठ घरं, एक शाळा. डॉक्टर महिन्यातून एकदा बोटीने येतो. फोनला रेंज नाही, म्हणून पत्र. तुमच्या मराठीच्या शिकवणीचा एवढा तरी उपयोग!

आरोग्याचं संशोधन इथल्याच लोकांना शिकवायचं, प्रश्न त्यांचे आणि उत्तरंही त्यांनीच शोधायची, असं आमचं प्रोजेक्ट. पण पहिल्याच मीटिंगला कुणी फॉर्म हातात घेईना. मार्था म्हणून एक लॉबस्टर पकडणारी बाई आहे. ती म्हणाली की तीस वर्षांपूर्वी एक भारतीय डॉक्टर घरोघरच्या विहिरींचं पाणी घेऊन गेला, तिच्या आईने त्याला जेवायला घातलं, आणि पुढे त्याचं साधं पत्रही आलं नाही. मी नाव विचारलं. तिने तुमचं सांगितलं.

काका, ते तुम्हीच का? रागावून विचारत नाहीये. काकूला नमस्कार.

तुमची,
चारुता


श्रूजबरी
१६ सप्टेंबर

चि. चारुतास अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रात ऱ्हस्व-दीर्घाच्या चार चुका आहेत. आज काढत नाही.

हो, मीच तो. अकरा विहिरींत आर्सेनिक मर्यादेपेक्षा जास्त निघालं होतं. पेपर छापून आला, मला बढती मिळाली. बेटावर कळवणं दुसऱ्या कुणाचं तरी काम, असं मी धरून चाललो. एक फोन करून खात्री करता आली असती. केली नाही.

यादी बेसमेंटमध्ये सापडली. कॉपी सोबत आहे. त्या घरांना पत्र मिळताच सांग, बाटलीचंच पाणी प्या, उकळून उपयोग नाही. मूळ कागदही तुलाच पाठवणार होतो. पण पद्मजा म्हणाली, पाणी तुम्ही नेलंत, उत्तरही तुम्हीच न्या. शनिवारच्या बोटीने येतो.

तुझा,
गिरीशकाका


टर्नरॉक
२५ सप्टेंबर

ती. पद्मजाकाकूस सा. न.

काका सुखरूप पोचले. बाटलीच्या पाण्याचं मी घरोघर आधीच सांगितलं होतं, तरी शाळेच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून त्यांनी अकरा घरांची नावं वाचली. चूक सांगताना एकदाही ‘आम्ही’ म्हटलं नाही, ‘मी’ म्हटलं. आठवं नाव मार्थाच्या आईचं होतं. ती चार वर्षांपूर्वी कॅन्सरने गेली. पाण्यामुळेच का, असं मार्थाने विचारलं. काका म्हणाले की तसं ठामपणे सांगता येणार नाही, आणि तसं नाही असंही सांगता येणार नाही. ती उठून निघून गेली. काका त्या दिवशी जेवले नाहीत.

रविवारी सकाळी ती स्वतःच आली. म्हणाली, माफीचं नंतर बघू. आधी नमुना कसा घ्यायचा ते शिकवा. यापुढे पाणी आम्हीच तपासणार, आणि निकाल पहिल्यांदा याच हॉलमध्ये वाचला जाणार. आता पाच जणी शिकतायत, म्हणून काकांनी मुक्काम वाढवलाय. त्यांच्या बीपीच्या गोळ्या पाठव.

काल मार्थाने स्वतः नमुने घेतले आणि काका बाटल्यांची पेटी धरून तिच्यामागे हिंडले. एका लेबलवर, नमुना घेणाऱ्याच्या जागी, त्यांनी सवयीने स्वतःचं नाव लिहिलं. मार्थाने ते खोडून आपलं लिहिलं. काकांनी पेन तिच्याकडेच ठेवायला सांगितलं.

आम्हां दोघांवर माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी,
चारुता