न दिलेली साक्ष

मी, मनकर्णाबाई दानिएल साळवे, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, धर्माने ख्रिस्ती, राहणार मेहकर, जिल्हा बुलढाणा, लिहून ठेवते की माझे शरीर थकले असले तरी बुद्धी जागेवर आहे. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. विश्वासाविषयी खाली जे लिहिले आहे तेही पूर्ण शुद्धीत लिहिले आहे. म्हातारपणाचा भ्रम म्हणून कोणी ते बाजूला सारू नये.

१. माझे स्वकष्टार्जित राहते घर आणि बँकेतील ठेव माझी मुलगी दीपमाला हिला मिळावी. अंमलबजावणीही तिनेच करावी. ती आता चर्चला येत नाही. ती परत आली तरच घर द्या, अशी अट घालण्याचे मंडळीतील काही जणांनी मला सुचवले. मी कोणतीही अट घातलेली नाही. भावाच्या कबरीपाशी तिने जे ऐकले, ते मीही ऐकले होते.

२. काय ऐकले ते लिहिणे भाग आहे. माझा मुलगा राजकुमार याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. डायलिसिससाठी त्याला सारखे बुलढाण्याला न्यावे लागे. आमचे तेव्हाचे पाळक प्रभुदास यांनी त्याच्यासाठी उपास धरले, प्रार्थना केल्या, आणि एका रविवारी भर उपासनेत मला म्हणाले, "बाई, उठा. मुलगा बरा झाला अशी साक्ष द्या. विश्वासाने बोललं की तसं होतं." सारी मंडळी माझ्याकडे पाहत होती. माझे पती दानिएल यांनी हाताला धरून मला उठवले. मी म्हणाले, "तो बरा नाही झाला. उद्या त्याले बुलढाण्याले न्यायचं आहे." आणि खाली बसले.

नाताळाच्या आधी राजकुमार गेला. कबरीपाशी पाळकांनी सांगितले की देव द्यायला तयार होता, पण या घरातल्या शंकेने दार लावून घेतले. माझे नाव त्यांनी घेतले नाही. गरजही नव्हती.

३. सदर प्रभुदास हयात असल्यास त्यांनी माझ्या दफनविधीत बोलू नये. यायचे असल्यास यावे, मागे उभे राहावे. मी त्यांना क्षमा केली असे कोणी जाहीर करू नये. प्रयत्न केला, अजून जमलेले नाही.

४. दानिएल सुतार होते. चर्चची बाके त्यांनी केली, मुलाची शवपेटीही त्यांनीच केली. पाळकांचे म्हणणे त्यांना पटले होते. पुढे ते माझ्या हातचे जेवत, पण माझ्याशी बोलत नसत. दर रविवारी मी त्यांच्याच शेजारी बसे. मंडळी उभी राहून विश्वासांगीकार म्हणे, मी उभी राहून गप्प असे. प्रभुभोजनाची भाकर व द्राक्षारस घेणे मी सोडले. घरी प्रार्थना करी, पण ती म्हणजे एकच शब्द होता, काऊन, म्हणजे का. ऐकणारा कोणी आहे याची खात्री नव्हती, आणि विचारायला दुसरे कोणी नव्हते. वधस्तंभावर प्रभूनेही बापाला हेच विचारले आणि वरून उत्तर आले नाही. एवढ्या एका गोष्टीला धरून मी राहिले.

मग दानिएलना घशाचा कर्करोग झाला. अखेरच्या दिवसांत लोक प्रार्थना करून गेल्यावर ते कित्येक वर्षांनी माझ्याशी बोलले. आवाज जेमतेम निघत होता. "राजूची माय, मले भेव वाटते. माह्याच्यानं प्रार्थना होऊन नाही राह्यली. तू कर."

मी म्हणाले, "मले तर खात्रीच नाही."

"म्हणूनच तू कर. तू त्याच्यापाशी खोटं नाही बोलत."

मी त्यांचा हात धरला आणि मोठ्याने म्हणाले, "देवा, तू आहे का नाही, मले माहीत नाही. हा माणूस भेऊन राह्यला. असशील तर याच्यापाशी ये. माह्या पोरापाशी तू आला नाही, ते मी विसरले नाही."

ते "आमेन" म्हणाले. त्यांचे भय गेले की नाही, मला सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले.

त्यांचे रंधे, पटाश्या व करवती मंडळीने ठेवाव्यात. बाके डळमळू लागली आहेत.

५. शेजारी धम्मरत्न इंगळे हा आपल्या जीपने राजकुमारला बुलढाण्याला नेत असे. तो बौद्ध. विश्वास ठेवा की सोडा, हे त्याने आम्हाला कधी सांगितले नाही. वॉर्डाबाहेर बसून राही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, असे वकिलांनी सांगितले. काही घेतोस की साक्षीदार म्हणून सही करतोस, असे मी त्याला विचारले, तर तो म्हणाला की सहीच करतो.

६. माझे दफन राजकुमारच्या शेजारच्या जागेत व्हावे. प्रभुभोजन न घेणाऱ्यांना दफनभूमीत जागा देऊ नये, असे कमिटीत बोलले गेले आहे. आताचे तरुण पाळक माझ्या बाजूने आहेत, पण कमिटीपुढे त्यांचे किती चालेल, त्यांनाही ठाऊक नाही. माझा बाप्तिस्मा झाला आहे आणि एकही रविवार मी मुद्दाम चुकवलेला नाही. जागा नाकारल्यास दीपमालाने भांडावे.

७. दगडावर फक्त नाव लिहावे. 'प्रभूमध्ये शांत झोपली' असे लिहू नये. पुनरुत्थान असेल, तर उठल्यावर मी आधी मुलाकडे पाहीन, मग देवाकडे. नसेल, तर मुलाशेजारची माती आहे.

सही: मनकर्णाबाई दानिएल साळवे

बाईंनी हे आम्हाला वाचून दाखवले आणि आमच्यादेखत सही केली. त्या पूर्ण भानावर होत्या.

साक्षीदार:
१. धम्मरत्न इंगळे, मेहकर
२. डॉ. निवेदिता देशमुख, मेहकर

स्थळ: मेहकर
दिनांक: ९ जानेवारी २०२५