साहेबांच्या टेबलावर माठ ठेवल्याबाबत

प्रति,
मा. आरोग्य अधिकारीसाहेब,
आरोग्य कार्यालय, दुसरा मजला.

विषय : माझ्या नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यातून 'रुग्णाचा निष्काळजीपणा' हे शब्द काढणेबाबत.
संदर्भ : 'इन्सुलिन ओल्या माठात ठेवावे' हे आपले परिपत्रक.

महोदय,

मी आपल्याच कचेरीत चहा करते. आपला बिनसाखरेचा कप रोज मीच आणून ठेवते, तेव्हा वेगळी ओळख नको.

१. माझा नवरा हमाल. त्याला साखरेचा आजार होता. पत्र्याच्या घरात इन्सुलिन टिकत नाही, म्हणून आमच्या वस्तीतले सगळे आपापल्या बाटल्या दवाखान्याच्या फ्रिजमध्ये ठेवत. तो फ्रिज आपण 'तात्पुरता' म्हणून कचेरीत मागवलात. जिन्याने वर चढवला तो माझ्याच नवऱ्याने, पाठीवर. "सांभाळून रे, महागाची वस्तू आहे," असे आपण म्हणालात. वरच्या आळीच्या दवाखान्यातला फ्रिज मात्र जागचा हलला नाही. तिथे आपली माणसे राहतात. आम्ही पडलो परमुलखातून आलेले.

२. मग परिपत्रक आले. नवऱ्याने इमानेइतबारे माठ ओला ठेवला. उन्हाळ्यात पत्रा असा तापला की माठातले पाणीही कोमट झाले. औषध नासले, पाय सडला, माणूस गेला. दाखल्यावर आपण लिहिलेत, 'रुग्णाचा निष्काळजीपणा'. विचारायला आले, तर "या लोकांना सांगून उपयोग नसतो" म्हणालात आणि वर चहा मागितलात. साहेब, तेव्हा साखरेचा डबा माझ्या हाताशी होता. घातली नाही. पण तळपायाची आग मस्तकात गेली, ती अजून उतरलेली नाही.

३. आजार वरच्या आळीतही हाच आहे. तिथले लोक पथ्य करत म्हातारे होतात, आमचे तरणेताठे जातात. निष्काळजी तेवढे आम्हीच कसे, हे लेखी कळवावे.

४. सबब, ते शब्द खोडावेत आणि फ्रिज वस्तीत परत पाठवावा. तोवर त्याच फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी असणारे आपले इन्सुलिन मी आज सकाळी काढून नवऱ्याच्या माठात ठेवले आहे. फ्रिजला कुलूप आहे, किल्ली माझ्या कनवटीला. माठ ओला ठेवण्याचे काम आपले. औषध नासलेच, तर कारण काय लिहायचे ते आपणास तोंडपाठ आहे.

उन्हाळ्याची वाट पाहणारी,
आपली नम्र,
(अंगठा)
हमालाची बायको

दिनांक : आज, चहाच्या आधी.

सोबत :
१. दाखल्याची नक्कल
२. आपले परिपत्रक
३. माठ